चांगला पाय

माझ्या शरीरात खुबा नावाचा भाग आहे हे मला साठीला आल्यावर कळलं. तोवर तो निमूटपणे काम करत होता, त्यामुळे त्याची विचारपूस करायची वेळच आली नव्हती. कसाऱ्याला रेल्वेच्या गँगमध्ये तीसेक वर्षं घण मारले, रूळ उचलले, घरी येऊन भाताची खाचरं सांभाळली. निवृत्तीला वर्ष होतंय न होतंय तोच उजव्या मांडीच्या मुळाशी असं दुखायला लागलं की चड्डी चढवायला बायकोला हाक मारावी लागे. ठाण्याच्या डॉक्टरांनी एक्सरे पाहिला. खुब्याचा गोळा झिजलाय, बदलून टाकू, असं ते इतक्या सहज म्हणाले की जणू नळाची तोटी बदलायची असावी.

उन्हाळ्यात ऑपरेशन झालं. ते बरं झालं, पण ते गावाला सांगणं अवघड होतं. आमच्याकडे खुबा हा शब्द फारसा कोणी वापरत नाही. विचारायला आलेल्याला मी खुबा म्हणायचो, तो समजल्यासारखी मान हलवायचा आणि पुढच्या घरी जाऊन ढुंगणाचं ऑपरेशन म्हणून सांगायचा. आठवडाभरात सगळ्या गावात माझी मूळव्याध काढल्याची बातमी झाली. एकाने तर वॉकरकडे बघत, आवाज खाली आणून, तिखट बंद करायचा सल्ला दिला.

दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी बायकोला समोर बसवून नियम सांगितले होते. मांडी घालायची नाही, खाली बसायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही. आणि पायरीचा नियम: चढताना चांगला पाय आधी, उतरताना वाईट पाय आधी. बायकोने तो तिथल्या तिथे पाठ केला.

आता आमच्याकडे चांगला पाय म्हणजे उजवा. नवरी घरात येते ती चांगल्या पायाने. देवळाची पायरी चांगल्या पायाने चढायची. पेरायला शेतात उतरायचं तेही चांगल्या पायाने, आणि चुकून डावा पुढे पडला तर म्हातारी माणसं परत मागे घेऊन नव्याने उतरायला लावतात. डॉक्टर मराठी माणूस, शुद्ध मराठीत बोलले होते, तेव्हा शंका घ्यायला जागा नव्हती. उलट घरी येताना गाडीत बायकोला त्यांचं कौतुक वाटत होतं.

“येवढा शिकलेला डॉक्टर,” ती म्हणाली, “पन रीत सोडली नाय त्यानं.”

घराशी आल्यावर तिने भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि ओटीच्या तीन पायऱ्यांपुढे मला उभं केलं. चांगला पाय आधी, ती म्हणाली. मी उजवा पाय वर टाकला, ज्याच्यात पाच दिवसांपूर्वी लोखंड ठोकून बसवलं होतं. डोळ्यांपुढे अंधारी आली. तिला वाटलं, घर बघून मला भरून आलं.

संडास अंगणाच्या टोकाला. त्यामुळे त्या तीन पायऱ्या दिवसातून पाच-सहा वेळा चढायच्या आणि तितक्याच वेळा उतरायच्या. प्रत्येक वेळी बायको मागे उभी. रेल्वेत आमचा मुकादम रूळ उचलताना ओरडायचा, तो हिच्यापुढे साधुसंत म्हणायला हवा. चढताना माझा डावा पाय चुकून आधी निघालाच तर ती दंडाला धरून थांबवायची. दोन-अडीच महिने मी कापलेल्या मांडीवर सगळं अंग तोलून वर चढलो आणि त्याच मांडीच्या आधाराने खाली उतरलो. बाजूचं मांस दगडासारखं आखडलं. चालताना कंबर एकीकडे कलंडायची आणि मी बदकासारखा डुलत जायचो.

धसईहून माझी बहीण चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, घेऊन आली. चिंबोरीच्या रश्श्याने हाडं भरतात, दादा तू रोज पी, असं तिचं म्हणणं. आत हाड नाही, लोखंड आणि प्लास्टिक आहे, असं मी सांगितलं. मग तर जास्तच पाहिजे, ती म्हणाली. मी महिनाभर रस्सा प्यालो. पाय होता तिथेच राहिला, पोट मात्र सुटलं.

थट्टा सोडली तर मी मनातून घाबरलो होतो. मला एकच गोष्ट हवी होती. भात कापायच्या आत एकदा आपल्या पायांनी आपल्या शेतावर जायचं. आमची खाचरं घरापासून दहा मिनिटांवर, पण शेवटचा निम्मा रस्ता बांधावरून. बांधावर दोन पाय शेजारी शेजारी मावत नाहीत. एकावर तोल सांभाळायचा आणि दुसरा पुढे टाकायचा, आणि मला तर एका पायावर क्षणभर उभं राहता येत नव्हतं. आमच्याकडे जो शेतावर जात नाही तो ओटीवरचा म्हातारा. त्याला चहा देतात, त्याचं ऐकून घेतात आणि काम दुसऱ्याला विचारून करतात. बायको लावणीचं सगळं बाहेरून माणसं आणून एकटी बघत होती आणि मला काही विचारत नव्हती. हे मला पायापेक्षा जास्त लागत होतं.

श्रावण लागला तरी दुखणं हटेना, तेव्हा आत बसवलेला गोळा निसटला असणार, असं मी ठरवून टाकलं. पुन्हा कापतील, यावेळी मी मरेन, असं मी जेवताना रोज सांगायचो. बायकोने शेवटी रिक्षा बोलावली आणि मला शहापूरला व्यायाम करून घेणाऱ्या बाईंकडे नेलं.

बाईंनी नवा एक्सरे काढून आणायला लावला. गोळा जिथल्या तिथे होता. मग त्यांनी मला डाव्या कुशीवर झोपवून उजवा पाय सरळ वर उचलायला सांगितलं. एके काळी रूळ उचलणारा मी, मला माझाच पाय वीतभर वर धरता येईना. सांधा उत्तम आहे, बाई म्हणाल्या, बाजूचा स्नायू पार थकलाय, पण इतका का थकलाय ते कळत नाही. त्यांच्या दारात दोन पायऱ्या होत्या. त्या चढून दाखवा म्हणाल्या.

बायको सवयीने मागे येऊन उभी राहिली. मी उजवा पाय वर टाकला.

“काका, थांबा. कोणता पाय आधी टाकायला सांगितलाय?”

“चांगला,” बायको माझ्याआधी म्हणाली. “त्यो चांगलाच टाकलाय ना त्यांनी. उजवा.”

बाईंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि पायरीवरच बसून इतक्या हसल्या की आतला एक पेशंट पट्टा बांधलेला तसाच बाहेर आला. चांगला म्हणजे दुखत नाही तो, त्यांनी सांगितलं. चढताना डावा आधी. उतरताना उजवा आधी. आम्ही सगळं बरोबर पाठ केलं होतं, फक्त पाय उलटे लावले होते.

परतीच्या रिक्षात आसनगाव मागे पडलं. मग मी तिच्यावर उखडलो. अडीच महिने माझी मांडी फाडलीस, म्हणालो. तिने शांतपणे डॉक्टरांना चार शिव्या घातल्या, सरळ डावा म्हणायला काय झालं होतं म्हणून. मग माझ्याकडे वळली.

“आन पाय तुमचा व्हता. वाईट कोनचा ते तुमाला नाय कळला?”

खरं उत्तर असं की कोणी मागून ठामपणे सांगितलं की मी करतो. तीस वर्षांची सवय.

त्यानंतर जे झालं ते इतकं हळू झालं की त्याला झालं म्हणायची लाज वाटते. कुशीवर पडून पाय उचलायचा, दहा वेळा. खिडकीचा गज धरून उजव्या पायावर उभं राहायचं, दहा मोजायचे. पहिल्या दिवशी तीनला कोसळलो. गणपतीत सहावर होतो. खिडकी रस्त्याकडची, त्यामुळे येणारे जाणारे आकडा विचारायचे, आणि मूळव्याधीला हा कसला व्यायाम, असंही. नवरात्रात गज सोडून दहा झाले. वॉकर कोपऱ्यात गेला, हातात काठी आली.

भात पिवळं पडायला लागलं तेव्हा एका सकाळी मी बायकोला म्हटलं, येतो. ती नको म्हणाली नाही. विळा घेऊन पुढे चालू लागली, मागे वळून न बघता. बैलगाडीच्या वाटेपर्यंत ठीक होतं. पुढे बांध सुरू व्हायचा तिथे मी थांबलो, आणि बघतच राहिलो.

बांध खाटेएवढा रुंद झाला होता. घट्ट, दोन्ही कडांना चोपलेला, आणि तेवढी जागा आमच्याच खाचरातून घेतलेली. उभ्या जन्मात मी बांध रुंद केला नव्हता. दर पावसाळ्यात फावड्याने बोटभर कोरून आत घ्यायचो, शेजाऱ्याशी त्यावरून दोन पिढ्यांचं भांडण होतं. इथे तीन-चार ओळी भाताची जागा मातीखाली घातलेली. मी तिथूनच ओरडलो, की ही नासाडी केली कोणी.

“मी,” ती पुढे चालतच म्हणाली. “तुमचा वॉकर मोजून घातलाय.”

केव्हा, असं मी विचारलं. लावणीला, ती म्हणाली.

लावणीच्या त्या दिवसांत मी खाटेवर पडून भिंतीकडे तोंड करून सांगत होतो की आता मी काही शेतावर येत नाही, मला धरून चालू नकोस. ती बरं म्हणाली होती आणि फावडं घेऊन निघून गेली होती.