कळवणं राहून गेलं

आमच्या ह्यांच्या पापांची भाषा फार शुद्ध. व्याकरणाची एक चूक सापडायची नाही.

हे म्हणजे विनोद, माझा नवरा. रत्नागिरीत सरकारी कचेरीत एकतीस वर्षं कारकुनी केली. साहेबांची पत्रं लिहून द्यायचं काम कायम ह्यांच्याकडे. कुणाकडून फाइल हरवली की हे लिहायचे, 'सदर फाइल तूर्त आढळून येत नाही.' हरवली म्हणायचं नाही, कारण हरवली म्हटलं की कुणी हरवली ते आलं. निवृत्त झाले, कचेरी सुटली, पण ही खोड काही सुटली नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजन असतं. भाकर आणि द्राक्षारस घेण्याआधी माणसानं स्वतःला तपासून पाहायचं, मन साफ नसेल तर घ्यायचं नाही, ही रीत. बाकीचे लोक बाकावर डोळे मिटून तपासतात. हे आदल्या दिवशी दुपारी जेवण झालं की टेबलाशी बसतात. आधी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर कच्चं, मग निळ्या वहीत पक्कं. 'या महिन्यात वाणीवर पुरेसा संयम राहिला नाही.' 'प्रार्थनेच्या वेळी मन अन्यत्र गेले.' मग चष्मा पुसून मला सगळं वाचून दाखवतात आणि विचारतात, "काय गो सावित्री, काही राहिलं काय?"

मी म्हणते, "नाही हो, सगळं आलं." मला चहा ठेवायचा असतो.

चर्चच्या मंडळीत ह्या वहीचा मोठा बोलबाला. पाळकसाहेबांनी मागे एकदा ती हातात घेऊन नुसती चाळली आणि म्हणाले, "विनोदराव, पुढच्या रविवारी आमच्या तरुणांना आत्मपरीक्षणावर दोन शब्द सांगा." हे इतके खुलले की येताना रिक्षावाल्यालाही ते सांगितलं. तो बिचारा हो हो करत राहिला.

मला मात्र त्या वहीचा संशय यायला लागला होता. इतक्या वर्षांच्या पापांत एकही असं नाही की ऐकून मला राग यावा. मी ह्या माणसाबरोबर चौतीस वर्षं राहतेय, मला रोज राग येतो. मग ती पापं जातात कुठं?

भाषण होतं म्हणून त्या खेपेला हे शुक्रवारीच, मागच्या वर्षांचंही धरून, लिहायला बसले. शनिवारी सकाळी मी बांगडे साफ करायला बसले आणि खाली पसरायला रद्दीतलं वरचं पान ओढलं. पानावर ह्यांचं अक्षर. एकाखाली एक तीन ओळी, पहिल्या दोन खोडलेल्या.

'मथूला मी मुद्दाम कळवलं नाही.'

'मथूला कळवलं गेलं नाही.'

'मथूला कळवणं राहून गेलं.'

मी तशीच हात पुसून उठले आणि निळी वही उघडली. तिथं लिहिलं होतं, 'नातेसंबंधांत काही उणिवा राहिल्या.'

मथू म्हणजे मथुरा, ह्यांची धाकटी बहीण. तिनं राजापूरच्या एका हिंदू मुलाशी लग्न केलं, तेव्हापासून ह्यांनी तिला दूर ठेवलं. सहा वर्षांपूर्वी सासूबाई ह्याच घरात, आतल्या खोलीत वारल्या. शेवटचे दोन दिवस त्या सारख्या हाका मारत होत्या, "मथू, मथू." राजापूर इथून एसटीनं दोन तासांवर. पण हे तेव्हा मंडळीचा कारभार बघणारे पंच. "लोक प्रार्थनेला येतायत," म्हणाले, "त्यांच्यासमोर ही कपाळाला कुंकू लावून येऊन बसणार." फोन केला तो सगळं संपल्यावर. मथू पोचली ती थेट कबरस्तानात.

तिचा फोन आला की अजून एकच प्रश्न असतो. "वैनी, आई शेवटी कायच बोलली नाही गो?" तिला उत्तर मिळतं, की आई शुद्धीवर नव्हती.

दुपारी हे वही घेऊन बसले. वाचून झालं. चष्मा पुसला. "काय गो, काही राहिलं काय?"

मी बांगड्याचे खवले चिकटलेलं ते पान टेबलावर ठेवलं. "ह्यातला 'मुद्दाम' कुठं गेला?"

ह्यांनी पान बोटानं बाजूला सरकवलं. मग म्हणाले, "देवाला सगळं कळतं. त्याला काय शब्दांची गरज आहे?"

"मग पक्की प्रत कुणासाठी काढता? कच्चंच वाचेल की तो."

मला वाटलं, आज बरोबर पकडला. खरं सांगते, आनंद झाला मला. इतक्या वर्षांचा संशय खरा ठरल्याचा आनंद. तेवढ्यात हे शांतपणे म्हणाले, "आणि तू गो? फोन तुझ्याकडेपण होता."

"घरात आधीच आजारपण. त्यात कलह नको म्हणून गप्प राहिले."

"आणि शुद्धीवर नव्हती हे मथूला सांगतं कोण?"

मी सांगत होते. सहा वर्षं, दर फोनला, मीच. ह्यांच्या प्रत्येक ओळीवर डोळा ठेवून होते, आणि माझी वही मी कधी उघडलीच नव्हती. कलह नको, हीच माझी पक्की प्रत. मला शरम वाटली. रागही आला, तो पहिल्यांदा योग्य माणसाचा.

"लावा फोन," मी म्हटलं. "आत्ता. उद्या त्या मुलांना काय तोंड दाखवणार आहात?"

ह्यांनी लावला. मथूनं उचलला. "दादा? तू कसा काय फोन केलास?"

"मथू, आई गेली तेव्हा तुला कळवणं राहून..." हे थांबले. माझ्याकडे बघितलं, मी काही मदत केली नाही. "मी कळवलं नाही. मुद्दाम. आई शुद्धीवर होती. दोन दिवस तुला हाका मारत होती."

मग मथू म्हणाली, "वैनीला दे."

मी फोन घेतला.

"वैनी, तू ऐकल्यास त्या हाका?"

"अगो, तेव्हा घरात असं झालं..." मी सुरुवात केली आणि माझ्याच कानांनी ते ऐकलं. झालं. जसं काही आपोआप. मी जीभ चावली. "ऐकल्या. मी उशाशी होते. आणि तुला सहा वर्षं खोटं सांगत आले."

मथूनं फोन ठेवला.

रविवारी हे भाषणाला उभे राहिले, म्हणाले, "मला ह्यातलं काही येत नाही," आणि खाली बसले. लोकांना वाटलं, काय ही नम्रता! आम्ही दोघांनीही भाकर घेतली नाही, बाकावरच राहिलो.

त्याला आता चार महिने झाले. आम्ही तिला दर रविवारी फोन लावतो. मथूनं शेवटी माफ केलं, असं इथं लिहायला मला फार आवडलं असतं. पण ती पक्की प्रत झाली असती. मथू अजून फोन उचलत नाही.