लंबूच्या कार्डाचा भाव

आधी तो चहाचा कप खाली ठेवा. ऐकताना ठसका लागला तर पुन्हा माझ्याच नावानं ओरडाल. आणि माझं नाव सध्या बालाघाटमध्ये इतकं गाजलंय, की त्यात आणखी भर नको! घोळच असा घातला मी, की इन्व्हर्टरच्या वायरी उलट्या जोडल्या असत्या तरी एवढा धूर निघाला नसता.

बसस्टँडच्या मागे माझं बॅटरी-इन्व्हर्टरचं दुकान आहे. आता ज्याचं दुकान इन्व्हर्टरचं, त्याच्या घरचा टीव्ही कधी बंद पडेल का? त्यामुळं उन्हाळ्यात लाईट गेली की अख्खा मोहल्ला मॅच पाहायला माझ्याकडे. शेजारच्या पटले काकू तर लाईट असली तरी येतात. त्यांना क्रिकेटचं वेड, आणि क्रिकेटपेक्षा जास्त वेड दुसऱ्याच्या घरी काय चाललंय त्याचं.

तर झालं काय, मी नागपूरला माल आणायला गेलतो. तिथं एका दुकानात क्रिकेटच्या खेळाडूंच्या कार्डांची बंद पाकिटं लटकलेली दिसली. लहानपणी गोळ्या-बिस्किटांबरोबर अशी कार्डं मिळायची, आठवतं? मन गेलं मागं. घेतलं एक पाकीट. घरी येऊन फोडलं, तर बाकी सगळी साधी कार्डं आणि एक चमचम चमकणारं. वर एका परदेशी फास्ट बॉलरची खरीखुरी सही!

त्याचं नाव मी सांगत नाही. अजूनही नाव घेतलं की छातीत धस्स होतं. आपण त्याला लंबू म्हणू.

माझी मुलगी स्वाती गोंदियाला कॉलेजात शिकते. सुटीवर आलेली. तिनं कार्ड पाहिलं आणि आमच्या एमपीच्या पोरांसारखी हिंदीतच किंचाळली.

"पप्पा! ये तो साइन वाला है! पता है लोग इसका कितना देते हैं?"

"या पुठ्ठ्याचे?"

"पुठ्ठा मत बोलो ना! रुको, मैं डालती हूँ।"

तिनं कार्ड माझ्या हातात धरायला लावून फोटो काढला, असली कार्डं विकतात त्या साइटवर टाकला, माझ्या मोबाईलवर सगळं जोडून दिलं आणि गोंदियाच्या गाडीत बसून निघून गेली. इकडं जेवायला बसलो तर फोन टिंग. पहिली ऑफर! तुम्हाला आकडा काय सांगू, माझ्याच भाषेत सांगतो: अख्खा इन्व्हर्टर, बॅटरीसकट!

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? विकून मोकळा झाला असता. मी काय केलं? मी विचार केला, न मागता हा एवढे देतो, तर थांबलो तर किती देईल! ऑफर नाकारली आणि भातावर मस्त वरण घेतलं.

सकाळी उठून पाहतो तर नवी ऑफर: बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरचा एक कॅन.

अहो, रात्रीतून असं काय झालं? स्वातीला फोन लावला तर ती म्हणे, लंबूनं कुठल्याशा मॅचमध्ये नो-बॉलवर नो-बॉल टाकले. "पप्पा, वो अच्छा खेलेगा तो रेट बढ़ेगा, खराब खेलेगा तो गिरेगा।" म्हणजे पाय त्याचा रेषेच्या पुढं जाणार आणि रक्त माझं आटणार! टमाटरचा भाव का चढला हे निदान भाजीवाली सांगते. इथं विचारायचं कोणाला?

त्या दिवसापासून माझं चित्त गेलं. दुपारी भाव चढायचा, संध्याकाळी पडायचा. कधी लंबू खेळतही नसायचा आणि भाव पडायचा. मग मला वाटायचं, त्याला ताप तर आला नसेल? लालबर्ऱ्याच्या एका गिऱ्हाइकाला स्टॅबिलायझर पाहिजे होता, त्याला मी चार्जर बांधून दिला. तो बिचारा परत आला तेव्हा मी काउंटरखाली वाकून मोबाईल पाहत होतो. जेवताना पाहायचो, अंघोळीला जाताना पाहायचो. बायको, म्हणजे रेखा, हे सगळं बघत होती. बोलत नव्हती. आणि रेखा बोलत नसली की समजायचं, आत कुठंतरी साचून राह्यलं.

तेवढ्यात लंबूची टीम खेळायला आली. कोणाविरुद्ध? आपल्याच!

रविवारी मॅच. घर माणसांनी गच्च. पटले काकू पहिल्या रांगेत, मांडीवर मुरमुऱ्यांची परात. लंबू धावत आला, बॉल टाकला, आपल्या ओपनरची दांडी हवेत!

"गेला रे गेला!" मी उडी मारली. आनंदानं!

सगळ्यांच्या माना माझ्याकडे.

"काय गेला?" काकूंनी विचारलं.

"मच्छर," मी म्हटलं. "हातातून गेला. मोठा होता."

मी खाली बसलो, ओठ दाबून धरले. थोड्या वेळानं लंबूच्या बॉलवर आपल्या बॅट्समनचा सोपा कॅच उडाला आणि त्यांच्या फिल्डरनं सोडला. सगळ्या घरानं टाळ्या वाजवल्या. आणि माझ्या तोंडून, अगदी पोटातून निघालं:

"अरे काहून सोडला बे नालायका!"

आता मच्छर कुठून आणू? मी पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात पळालो आणि स्वातीला फोन लावला. तिच्याकडेही त्या साइटचा पासवर्ड होता ना, घाईत विकून टाकेल ही भीती! मी हळू बोलत होतो. निदान मला तरी तसं वाटत होतं.

"अभी कुछ मत कर। दोन विकेट अजून पडू दे आपल्या. पैसा डबल होतो का नाही पाह्य!"

मागं वळून पाहतो तर काकू. हातात मुरमुऱ्यांची रिकामी परात, डोळे त्या परातीएवढे.

सगळे गेल्यावर रेखा समोर येऊन उभी राहिली.

"खरं सांगा. तुम्ही मॅचवर पैसे लावून राह्यले ना?"

"नाही वं! कोणी सांगितलं तुले?"

"मंग तो मोबाईल काहून सोडत नाही हातातून?"

"अवं, माझं फक्त कार्डाचं सुरू आहे."

"कार्ड? म्हणजे पत्ते?"

"पत्ते नाही. कार्ड. ऑनलाइन असते ते."

"माय वं! ऑनलाइन पत्ते!" ती मटकन खाली बसली. "त्याच्यात तर लोकाईचे घरंदारं गेले!"

मी कपाटातून कार्ड काढून दाखवायला हवं होतं, कळतं मला आता. पण त्याच क्षणी मोबाईल वाजला, भाव चढला होता, आणि मी... मी आधी मोबाईल पाहिला. झालं! तिनं उठून सरळ खैरलांजीला, आपल्या बाबांना फोन लावला. आणि साक्षीदार स्वातीचं म्हणाल, तर दुसऱ्या दिवसापासून तिचे पेपर. फोन बंद.

दुकानात गेलो तर तिथं वेगळंच. ओळखीचा एक रिक्षावाला आला, इकडं-तिकडं पाहिलं आणि कानाशी वाकला. "भैया, अगले मैच में किस पे लगाएँ? आपका तो अंदर तक है, सुना।" मी त्याला हाकलला, तर जाताना डोळा मारून गेला. काकूंची परात रिकामी होती, पण वाटून झालं होतं सगळं!

दुपारी मामाजी आले. मामाजी म्हणजे माझे सासरे. धानाची शेती, सरळ कणा, आवाज असा की धान भरडायचं हलरसुद्धा बंद पडावं. त्यांनी गावातला पत्त्यांचा अड्डा एकट्यानं मोडलाय. खेळणाऱ्यांच्या हातातले पत्ते ओढून विहिरीत टाकले होते. आता सांगा, मला कशाची भीती वाटली असेल? इज्जतीची? नाही हो! मला वाटलं, हे माझं कार्ड विहिरीत टाकतील. आणि नेमका त्या वेळी भाव चढता होता!

मामाजी खुर्चीवर बसले. पाणीसुद्धा घेतलं नाही. रेखा दाराशी डोळे पुसत उभी. काकू साखर मागायला आलेल्या, साखर मिळूनही थांबलेल्या.

"जवाईबापू, पत्ते आणा बाहेर."

"मामाजी, एकच आहे."

"एका पत्त्यावर खेळता?"

मी कपाटातून प्लॅस्टिकच्या पाकिटातलं कार्ड आणलं आणि दोन्ही हातांनी समोर धरलं. सोडलं मात्र नाही. मामाजींनी चष्मा वर केला, कार्ड उलटं-सुलटं पाहिलं.

"हा राजा आहे का गुलाम?"

"बॉलर आहे मामाजी."

मग मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. पाकीट, सही, साइट, नो-बॉल, सगळं. रेखाचे डोळे हळूहळू कोरडे झाले. काकूंचा चेहरा मात्र पडला. सट्ट्यातली मजा पुठ्ठ्यात कुठून येणार?

"म्हणजे हा फोटो. आणि लोक विकत घेते."

"हौ."

"आता केवढ्याले मागून राह्यले?"

"एका बॅटरीएवढं."

"आणि सकाळी?"

"अर्धी बॅटरी."

मामाजींनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. "म्हणजे चढते आहे," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यात मी एक चमक पाहिली. "मंग विकू नका. धान कापल्या कापल्या विकते का कोणी? भाव पाह्यचा, हात आखडून बसायचं. मी थांबतो दोन-चार दिवस."

बघा! माझी सवय सोडवायला आलेला माणूस, संध्याकाळपर्यंत माझ्या शेजारी बसून विचारत होता, "आता कितीवर आहे?"

पुढची मॅच आली. घर पुन्हा गच्च. मी आणि मामाजी मागं, भिंतीला टेकून, अगदी सभ्य. लंबूनं पहिल्याच ओव्हरमध्ये विकेट घेतली. मी श्वास रोखून गप्प राहिलो. मामाजींनी मात्र मांडीवर थाप मारली.

"शाबास रे लंबू!"

"बाप्पा!" काकू ओरडल्या. "सासराही!"

मोबाईलवर भाव: पूर्ण बॅटरी. मग बॅटरी आणि ती ठेवायची ट्रॉली. मामाजींनी माझं मनगट धरून ठेवलेलं. आणि तेवढ्यात लंबू धावत आला, पाय मुडपला आणि धपकन खाली! गुडघा धरून लोळायला लागला. दोघांनी खांद्याला धरून त्याला बाहेर नेलं.

मोहल्ल्यानं टाळ्या वाजवल्या. मी मोबाईल उघडला.

बॅटरी. पुन्हा पाहिलं: अर्धी बॅटरी. पुन्हा पाहिलं: चार्जर. डोळ्यांदेखत विरघळत होतं हो!

"मामाजी, गेलं!"

"थांबा. माणूस पडला आहे, मेला नाही. हात लावू नका त्याले."

"पण मामाजी..."

"हात नका लावू म्हटलं ना!"

त्यांचं ऐकायला हवं होतं. पण मला राहवेना. मी उठलो, बाथरूममध्ये गेलो, कडी लावली, आणि जी ऑफर समोर होती ती डोळे मिटून घेऊन टाकली. किती? डिस्टिल्ड वॉटरचा एक कॅन. तोही छोटा.

पण सांगतो, किती हलकं वाटलं! दुसऱ्या दिवशी कार्ड थर्माकोलमध्ये गुंडाळून कुरिअरला दिलं. पाठवायचा खर्च मिळालेल्यापेक्षा जास्त आला, तरी मी दुकानात शीळ घालत गेलो. मामाजींनी जेवताना माझ्याकडे असं पाहिलं, जसं कोणी पेरणीच्या दिवशी बैल विकणाऱ्याकडे पाहावं.

ते गावी निघाले, त्या सकाळची गोष्ट. पिशवी खांद्याला, रेखा फाटकाशी, काकू ओघानंच तिथं. स्वातीचे पेपर संपलेले, तिचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"पप्पा! कार्ड सँभाल के रखा है ना?"

"काहून?"

"अरे, लंबू ने रिटायरमेंट ले ली! घुटना गया उसका। अब उसके साइन वाले कार्ड नए नहीं बनेंगे, रेट आसमान पे है! अभी एक लिस्टिंग देखी, दो इन्व्हर्टर आ जाएँगे उतने में। और पप्पा, उस फोटो में आपके जैसा अँगूठा दिख रहा है!"

माझ्यासारखा कशाला, माझाच होता! घेणाऱ्यानं कार्ड हातात पडायच्या आधीच, माझाच फोटो वापरून ते पुन्हा विकायला ठेवलं होतं.

मग रेखानं पदर खोचला आणि मामाजींकडे वळली.

"बाबा, आता तुम्हीच सांगा. याइचं करू तरी काय?"

मामाजींनी मला खालून वरपर्यंत पाहिलं. पिशवी सावरली.

"काही नको करू पोरी, सुखानं राह्य. हा माणूस जुगारी असूच शकत नाही. जुगारी कधी तरी जिंकते."

आणि खरंच सांगतो, त्या दिवसापासून मोहल्ल्यात माझ्यावरचा सट्ट्याचा संशय पार धुऊन निघाला. कोणी कानाशी येत नाही, कोणी डोळा मारत नाही. फक्त पटले काकू येता-जाता फाटकावर थांबतात आणि लई मायेनं विचारतात, "बेटा, दुकान तरी रेखाच पाह्यते ना?"