साहेब, तुमची कुठंय?

आचारसंहिता लागल्याची बातमी आमच्या गल्लीला टीव्हीवरून कळत नसे, अप्पांच्या अंगणातून कळत असे. सकाळी दार उघडावं तर अंगणात खाट टाकलेली, खाटेवर अक्कांचं जुनं इरकल लुगडं अंथरलेलं आणि लुगड्यावर अप्पांची दुनळी बंदूक आरामात पहुडलेली. अप्पा तिला शिलाई मशिनचं तेल लावून फडक्यानं पुसत बसलेले असायचे. मग अक्का दारातून विचारायच्या, "निघाली का माझी सवत सासरी?" अप्पा मान वर न करता म्हणायचे, "बघ म्हनलं, महिनाभर सुखानं राहा तू." निवडणूक आली की परवान्याची बंदूक पोलीस ठाण्यात नेऊन जमा करावी लागते आणि निकालानंतर परत आणावी लागते, हे मला अहमदपूरला येईपर्यंत ठाऊक नव्हतं.

मी तिथल्या कॉलेजात मराठी शिकवायला गेले आणि अप्पांच्या माडीवर भाड्यानं राहिले. एका वर्षासाठी गेले होते, सात वर्षं राहिले. त्यातला निम्मा दोष अक्कांच्या शेंगदाण्याच्या चटणीचा आणि उरलेला अप्पांचा. मार्केट यार्डात त्यांचं सरकी पेंडीचं दुकान होतं. कपाळाला विभूती, पांढरं धोतर, आणि आवाज असा की दुकानात भाव सांगितला तर बसस्टँडवर ऐकू जावा. गावाबाहेर त्यांचं सात एकर रान होतं. भुईमूग पेरला की रानडुकरं आलीच, म्हणून वडिलांच्या काळापासून घरात ती बंदूक होती.

त्या बंदुकीनं जन्मात कुणाला इजा केली नव्हती. अप्पा दिवेलागणीला बांधावर उभे राहायचे, आभाळाकडं नळी करायचे आणि एक बार काढायचे. डुकरं पळायची, बगळे उडायचे, शेजारच्या रानातले पाटील घाबरून खाली बसायचे. दर वेळी बसायचे, वर्षानुवर्षं. मी एकदा विचारलं, "अप्पा, कधी नेम धरून मारलं नाही?" ते म्हणाले, "मारायची परवानगीच न्हाई, बाई. आन् असती तरी डुकराला काय ठाव भुईमूग माझा हाय म्हनून?"

काडतुसांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. दुकानदार जुनी, पावसाळा खाल्लेली काडतुसं नव्या खोक्यात घालून विकतात असं त्यांचं ठाम मत होतं. म्हणून एप्रिल-मेच्या उन्हात ते आपली काडतुसं गच्चीवर वाळत घालायचे. त्याच वेळी अक्कांच्या कुरडया गच्चीवर असायच्या. एकीकडं कुरडया, दुसरीकडं काडतुसं आणि मधे अक्कांनी विटा मांडून आखलेली सरहद्द. "एखादं चुकून तळनात गेलं तर?" अक्का विचारायच्या. "तर जावयाला वाढू नको," अप्पा म्हणायचे. त्या घरात मी सात वर्षं कुरडई मोडून, आत डोकावून मगच खाल्ली.

कंपनीवरचा राग तर फारच जुना होता. बंदुकीची उजवी नळी रुसलेली होती, म्हणजे तिची पिन झिजली होती. ती पिन मागण्यासाठी अप्पांनी माझ्याकडून कंपनीला पत्रं लिहवून घेतली. मी मराठीची प्राध्यापक असल्यानं माझी पत्रं फार सुंदर होती. 'महोदय, आपणांस सविनय विदित करण्यात येते की' अशी सुरुवात वाचून अप्पा खूश व्हायचे. तिसऱ्या पत्राला उत्तर आलं. जाड पाकीट, आत गुळगुळीत कागदाचं पुस्तक आणि त्यात नव्या बंदुकांचे रंगीत फोटो. एका फोटोत काळा चष्मा घातलेला माणूस बंदूक धरून उभा आणि त्याच्या मागं बायको-पोरं भेदरून उभी होती. अप्पांनी तो फोटो बराच वेळ निरखला. "बाई," ते म्हणाले, "म्या पिन मागितली, ह्यांनी फोटू धाडले. आन् ह्याची बायको बघा, ती चोराला भ्यायली न्हाई, ह्यालाच भ्यायली हाय."

शेवटी आम्ही दोघं एसटीनं नांदेडला गेलो. तिथं दुरुस्तीचा परवाना असलेला एक म्हातारा कारागीर होता. अप्पा त्याला उस्ताद म्हणायचे. उस्तादांनी बंदूक उघडली, फुंकर मारली, जिभेनं चक् केलं आणि चार दिवसांनी या म्हणून सांगितलं. चार दिवसांनी उजवी नळी सुरू! काय झालं होतं असं विचारल्यावर उस्ताद म्हणाले, "अप्पा, बंदूक को कुछ नै हुआ था. कंपनीच बिघड गई." हे वाक्य अप्पांनी परतीच्या वाटेवर कंडक्टरला, शेजारच्या प्रवाशाला आणि घरी आल्यावर दोन वेळा अक्कांना ऐकवलं.

पुढं कंपनीचा माणूस प्रत्यक्षच आला. टाय लावलेला तरुण, हातात बॅग, मे महिन्याच्या उन्हानं पार शिजलेला. अक्कांनी त्याला ताक दिलं. ताक पिऊन तो आवाज खाली आणून म्हणाला, "अप्पा, काळ वाईट आलाय. अवेळी घरात कुणी घुसलं तर काय कराल?"

"ताक पाजू. तुला पाजलं की."

"तसं नाही हो. चोरीच करायला आला तर?"

"पेंडीचं पोतं एकट्याला उचलत न्हाई. चौघं लागतील. चौघं आले तर आपसात भांडतील, म्या जागा होईन."

तो पोरगा हसत हसत गेला. अप्पा मात्र हसले नव्हते. माझ्याकडं वळून म्हणाले, "बघितलं का बाई? ह्याला बंदूक विकायची हाय, तर आधी मला भेव विकायलाय. मला भेव नको. डुकराला वाटलं म्हंजे बास."

आता अध्यक्षांकडं येते. आमच्या गावात परवानाधारकांची एक हक्क समिती निघाली होती आणि तिचे अध्यक्ष गावातलेच होते. पांढरी गाडी, पांढरे कपडे, पांढरे बूट. बंदूक हा शेतकऱ्याचा स्वाभिमान आहे, ती हातची जाऊ देणार नाही, असं ते इतक्या जोरात सांगायचे की ऐकणाऱ्याला आपल्या घरी बंदूक नसल्याची लाज वाटावी. मलासुद्धा एकदा वाटली.

एके दिवशी ह्या अध्यक्षांनी गावभर निरोप फिरवला. जुन्या बंदुकांच्या परवान्यांचं पुढच्या खेपेला नूतनीकरण होणार नाही, वरून तसा आदेश येऊ घातलाय. तेव्हा समितीनं खटपट करून कंपनीकडून एक योजना आणली आहे: जुनी द्या, नवी घ्या. रविवारी मंगल कार्यालयात मेळावा, जेवणाची सोय आहे.

अप्पांचं जेवण सुटलं. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. वडिलांनी धरलेला बंदुकीचा लाकडी दस्ता हाताच्या घामानं काळा झाला होता आणि त्यावर वडिलांच्या अंगठ्याचा जरा खोलगट ठसा पडला होता. अप्पा आपला अंगठा त्यात ठेवून बसायचे. "हे कंपनी भट्टीत घालनार," ते म्हणायचे, "आन् मला त्या चष्मेवाल्याची देनार." मला त्यांची फार दया आली, आणि अध्यक्षांचा इतका राग आला की त्यांचा निरोपाचा कागद मी लाल शाईनं तपासला. अकरा चुका निघाल्या. त्यानं कुणाचं काही भलं झालं नाही.

शनिवारी आम्ही लातूरला कलेक्टर कचेरीत गेलो. परवान्याचं पुस्तक अप्पांनी टॉवेलात गुंडाळून छातीशी धरलं होतं. तिथल्या कारकुनानं ते चाळलं आणि जांभई देऊन सांगितलं की असा कुठलाही आदेश नाही, तारखेच्या आत अर्ज करा, बंदूक नीट ठेवा, झालं. "लिहून द्या," अप्पा म्हणाले. "जे नाहीच, ते काय लिहून देऊ?" कारकून म्हणाला. अप्पांना हे उत्तर इतकं आवडलं की त्यांनी त्याला बळंच उसाचा रस पाजला.

रविवारी मंगल कार्यालय भरलं होतं. तीस-पस्तीस परवानाधारक, त्यांच्या बायका, आणि नुसतेच जेवायला आलेले बरेच. अध्यक्षांनी तासभर भाषण केलं. घाबरलेली माणसं फॉर्मवर अंगठे, सह्या करायच्या बेतात होती. तेवढ्यात अप्पा उभे राहिले. त्यांना माईक लागतच नव्हता.

"साहेब, एक विचारू का?"

"विचारा की अप्पा."

"तुमची कुठंय?"

"माझी काय?"

"बंदूक."

इथं अप्पांची एक सवय सांगायला हवी, नाहीतर ह्या प्रश्नातलं तेज कळणार नाही. बंदूक जमा करायच्या दिवशी अप्पा ठाण्यात सगळ्यांच्या आधी हजर व्हायचे आणि स्वतःची जमा झाल्यावरही दिवसभर तिथल्या बाकावरून हलायचे नाहीत. हवालदार बंदुका भिंतीशी उभ्या करतात आणि दुसऱ्याची कुठली तरी आपल्या बंदुकीवर टेकवतात, ओरखडे पडतात, अशी त्यांना धास्ती. म्हणून ते पहारा द्यायचे. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, विधानसभा, लोकसभा, एकही निवडणूक त्यांनी सोडली नव्हती. तालुक्यातली प्रत्येक बंदूक आणि तिचा मालक त्यांना चेहऱ्यानिशी पाठ होता.

"इतक्या निवडनुका झाल्या," अप्पा म्हणाले, "जमा करायच्या रांगेत तुमी एकदा बी दिसला न्हाई. पस्तीस बंदुका येत्यात. तुमची कोनती?"

अध्यक्षांनी पाण्याचा ग्लास उचलला, ठेवला. "माझा अर्ज," ते म्हणाले, "प्रक्रियेत आहे."

मग मागच्या रांगेतले ते दर वेळी खाली बसणारे पाटील खुर्चीवरून उठून उभे राहिले आणि खो खो हसायला लागले. ते पाहून सगळं कार्यालय हसलं. वाढपी हसले. "आन् ह्या योजनेतल्या नव्या बंदुका," अप्पांनी विचारलं, "तुमच्या मेव्हन्याच्याच दुकानातून मिळनार का दुसरीकडून बी?" ह्यावर अध्यक्ष काहीतरी बोलले, पण त्या गदारोळात ते ऐकूच आलं नाही. कालच कचेरीत काय कळलं ते अप्पांनी सांगितलं आणि फॉर्म कोरेच राहिले. कुणी रागानं निघून मात्र गेलं नाही, सगळे व्यवस्थित जेवले, अप्पांनी तर दोनदा भात घेतला.

त्यानंतर 'तुमची कुठंय?' हा तालुक्याचा लाडका प्रश्न झाला. खत विकणाऱ्याला विचारा, विमेवाल्याला विचारा. पुढं माझी बदली लातूरला झाली. माझी मुलगी दहावीत गेली तेव्हा क्लासवाले गृहस्थ घरी येऊन, आमची बॅच लावली नाही तर पोरगी कायमची मागं पडेल असं सांगू लागले. मी घाबरले होते, खोटं कशाला बोलू? पण तोंडातून आपोआप निघालं, "सर, तुमची कुठल्या बॅचला आहे?" त्यांची मुलगी घरीच अभ्यास करत होती. मी त्यांना ताक दिलं.

अप्पांची दुनळी अखेर गेली, पण कुणी नेली म्हणून नाही. खंडेनवमीला पूजा झाली की अप्पा न बघता, एका हातानं तिच्यात काडतूस सरकवून दाखवायचे आणि लगेच काढून घ्यायचे. ही त्यांनी स्वतःच स्वतःची ठरवून घेतलेली परीक्षा होती. एका वर्षी मी सणाला गेले होते. काडतूस हातातून सुटलं आणि घरंगळत खाटेखाली गेलं. आम्ही सगळे हसलो, अप्पाही हसले. दुसऱ्यांदा सुटलं तेव्हा फक्त आम्ही हसलो.

पंधरा दिवसांत ते बंदूक अक्कांच्या इरकल लुगड्यात गुंडाळून ठाण्यात हजर झाले. हवालदार गडबडला. "अप्पा, निवडणूक लागली का काय? आमाला पत्ता न्हाई!" "न्हाई लागली," अप्पा म्हणाले. "माझा हात कापायलाय. आता ही हितंच राहू दे." बातमी फुटली तशी कंपनीचा माणूस आला, मुलाच्या नावावर नवी घ्या म्हणाला. अध्यक्षही आले. त्यांचा अर्ज अजून प्रक्रियेत होता. "अप्पा, हक्क सोडू नका!" ते कळवळून म्हणाले. अप्पांनी त्यांना बसवलं, चहा दिला. "हक्क माझाच हाय नव्हं?" ते म्हणाले. "मग सोडायचा बी माझाच हाय." अक्का मला सांगत होत्या, त्या दिवसापासून त्यांनाच सवतीशिवाय घर मोकळं मोकळं वाटायला लागलं.

अप्पा आता नाहीत. त्यांना मी शेवटचं पाहिलं ते ठाण्यातच. निवडणूक लागली होती, मी कामानं अहमदपूरला गेले होते आणि अक्का म्हणाल्या, ते घरी कशाला असतील, आज जमा करायचा दिवस. गेले तर अप्पा बाकावर आपल्या जागी, धुतलेलं धोतर, विभूती, हात रिकामे. रांगेतला प्रत्येक जण त्यांना रामराम घालून पुढं सरकत होता. पाटलांनी आपली बंदूक आधी त्यांना दाखवली, मग हवालदाराला दिली. हवालदार तसा चेष्टेखोर. वहीतून मान वर करून त्यानं मुद्दाम मोठ्यानं विचारलं, "अप्पा, तुमची कुठंय?"

सगळी रांग हसली. अप्पाही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, आणि ते पाणी पुसायला त्यांना जरा वेळ लागला.

"आत हाय," ते म्हणाले. "तुझ्यापाशीच. नीट ठेव बाबा, तिच्यावर कोनाची टेकवू नको."