सेजहेन घळीतला पहिला थंड

आर्विला यॉर्गनसन यांच्या आवाजाबद्दल टर्नर्सवेल गावात पुष्कळ गोष्टी सांगतात, आणि त्यातल्या निम्म्या तरी खऱ्या आहेत. एकदा म्हणे बाईंनी शाळेची बस थांबवून मागच्या बाकावर भांडणाऱ्या पोरांना असा दम भरला, की कुंपणापलीकडे चरणारी मेंढरंसुद्धा गुपचूप रांगेत उभी राहिली. मेंढरांचं सोडा, पोरं राहिली हे नक्की. उभा जन्म बाईंनी ती पिवळी बस हाकली. आज गावात जो कुणी दाढी राखून, मोठ्या चाकांचा पिकअप घेऊन ऐटीत फिरतो, तो कधी ना कधी बाईंच्या बसमध्ये शेंबूड पुसत बसलेला असतो.

बसमधला त्यांचा कायदा सोपा. चॉकलेटचा कागद म्हणा, खाऊन उरलेलं सफरचंद म्हणा, खाली पडलेलं दिसलं की बस रस्त्याच्या कडेला आणि इंजिन बंद. मग बाई विणकाम काढायच्या. चौकशी नाही, आरडाओरडा नाही. "मला कसली घाई? मी माझी बसलेय," एवढंच म्हणायच्या. हिवाळ्यात इंजिन बंद म्हणजे हीटर बंद. काचा आतून गोठायला लागल्या की पोरंच एकमेकांना कोपराने ढोसायची आणि कचरा डब्यात जायचा. कुणी टाकला होता ते बाईंनी कधीच विचारलं नाही. त्या म्हणायच्या, "टाकणारा कधी सापडत नसतो. उचलणारा सापडला तरी पुष्कळ."

बसची नोकरी सुटली तेव्हा गावाला वाटलं, आता बाई गोधड्या शिवतील आणि चर्चच्या जेवणावळीला गाजर घातलेली हिरवी जेली करतील. जेली त्या करतातच, आणि ती कुणी खात नाही तो भाग वेगळा. पण त्यांचा खरा जीव होता नेमबाजीत. वडिलांची जुनी पॉइंट टू टू बोअरची रायफल होती. दर शनिवारी सकाळी ती पिकअपमध्ये टाकायची, थर्मासमध्ये गरम कोको घ्यायचा आणि सेजहेन घळ गाठायची. तिथं पत्र्याच्या डब्यांची रांग लावून एकेक डबा असा निवांत पाडायच्या, की बघणाऱ्याला वाटावं डबेच दमून बसतायत.

सेजहेन घळ म्हणजे सरकारी माळ. फाटक नाही, तिकीट नाही. तीन बाजूंनी मातीचे उंच कडे, त्यामुळे गोळी जाते ती मातीतच रुतते. बाप लेकीला बंदूक धरायला इथंच शिकवतो, हरणाच्या मोसमाआधी सगळा गाव बंदुकीवरच्या दुर्बिणी इथंच जुळवतो. दुसरी जागा म्हणजे शहराजवळचा क्लब. तिथं फी भरा, नंबर लावा, आणि चकचकीत बूट घातलेला माणूस आपल्याला सांगणार उभं कसं राहायचं.

पण जी जागा सगळ्यांची ती कुणाचीच नसते. घळीत आधी एक टीव्ही आला. कुणी आणला? ज्याला विचारावं तो म्हणे, "आम्ही आलो तेव्हा होताच." टीव्हीला सोबत म्हणून प्रिंटर आला, मग कपडे धुण्याचं यंत्र, आणि शेवटी एक फ्रिज. त्याच्या दाराला इतकी भोकं, की त्यातून शेवया गाळाव्यात. जमिनीवर नारिंगी खापऱ्यांचा सडा. हवेत उडवून नेम धरायच्या त्या चकत्यांना आम्ही मातीची कबुतरं म्हणतो, पण ती नावालाच मातीची, पावसाळे गेले तरी विरत नाहीत. शिवाय छऱ्याच्या बंदुकांची लाल-हिरवी प्लास्टिकची टरफलं. पितळी टरफलं मात्र एक दिसायची नाहीत, कारण पितळेत पुन्हा दारू भरता येते. पितळ वेचायला वाकलेला माणूस शेजारचं प्लास्टिक बघत नाही, हे आमच्या लोकांचं खास कसब.

मग एके दिवशी घळीच्या तोंडाशी पाटी लागली: कचरा असाच राहिला तर ही जागा नेमबाजीला बंद करण्यात येईल. पुढच्या रविवारपर्यंत त्या पाटीचीच चाळण झाली.

पाटी लावणारी होती थीया ओकरलंड, जमीन खात्याची अधिकारी. वय तिशीच्या आतबाहेर, उन्हाने रापलेली, बोलायला सरळ. ती नवी पाटी ठोकायला आली तेव्हा बाई एकट्याच गोणी भरत होत्या.

"पुन्हा तुम्हीच?" थीया म्हणाली. "मागच्या वेळीही तुम्हीच होता."

"व्यायाम होतो गं," बाई म्हणाल्या.

"बाई, मी खोटा दिलासा देणार नाही. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी दुपारी मी येणार. घळ अशीच दिसली तर बंद करण्याची शिफारस माझ्याच सहीने जाईल. मलाही वाईट वाटेल, माझे आजोबा इथंच शिकले. पण खालच्या कुरणातल्या पाण्याच्या टाकीलासुद्धा लोकांनी भोकं पाडली. गुरं तहानलेली राहिली. आता वरचे लोक माझं ऐकणार नाहीत."

बाईंनी कमरेवर हात ठेवले. "अगं पण एकदा बंद झालं की पुन्हा उघडत नाही. तुमच्या खात्याचं कुलूप मला माहीत आहे."

"मलाही," थीया म्हणाली. "म्हणून तर आधी सांगतेय."

त्यानंतर बाई रोज जायला लागल्या. गोण्या भरून आणायच्या, आणि सोमवारी बघावं तर घळ पुन्हा जैसे थे. उलट जास्तच. त्यांचे यजमान एल्डन हे बोलायला गोड पण जिभेला धार असलेले गृहस्थ. बाई कंबर धरून घरात शिरल्या तेव्हा ते फ्रेंच फ्राइज सॉसमध्ये बुडवत बसले होते.

"झालं का गं मोलकरणीचं काम?"

"तोंड सांभाळा."

"मी काय खोटं बोललो? उंदरांना रोज ताट वाढायचं आणि मग ओरडायचं, उंदीर वाढले. त्यांना ठाऊक आहे, आर्विला येते आणि उचलते. मीही टाकला असता."

"तुम्ही टाकून बघाच," बाई म्हणाल्या, पण रात्रीचं जेवण होईपर्यंत पुढे काही बोलल्या नाहीत. एल्डन नंतर सगळ्यांना सांगत, बायको एवढी गप्प बसली की आपण समजून जावं, उद्या कुणाची तरी धडगत नाही.

आता इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. नेमबाजीच्या जागी सगळ्यात मोठा शब्द एकच: "थंड!" लक्ष्याजवळ कुणाला जायचं असलं, डबा उभा करायचा असला, कागद बदलायचा असला, की त्याने "थंड!" असं पुकारायचं. मग रांगेतल्या प्रत्येकाने बंदूक रिकामी करायची, बोल्ट, म्हणजे गोळी चढवायचा दांडा, उघडा ठेवायचा, बंदूक मेजावर टाकून मागे सरायचं. पुढे गेलेला माणूस परत येऊन "गरम" म्हणेपर्यंत बंदुकीला बोट लावायचं नाही. थंड पोराने पुकारलेला असो की परक्याने, तो पाळायचाच. आमच्याकडे माणूस आयकर बुडवेल, मेव्हण्याला फसवेल, चर्चमध्ये डुलक्या घेईल, पण थंड मोडणार नाही. मोडला तर त्याच्या पुढच्या पिढीलाही लोक बंदूक हाताळू देणार नाहीत.

सप्टेंबरच्या त्या शेवटच्या शनिवारी सकाळी घळीत चांगलीच गर्दी होती. क्लीव्ह टॅनर हा आमचा नळकारागीर, चाळिशीचा, पोट सुटलेला, आपल्या दोस्तांसह आलेला. पलीकडे शहरातून आलेली मंडळी, त्यांचा म्होरक्या ग्रिफिन नावाचा. कोरा करकरीत पोशाख, कानावर महागडी कवचं, आणि मेजावर अशी बंदूक की तिच्यापुढे क्लीव्हचा पिकअप स्वस्त वाटावा. धडाधड चाललं होतं.

बाई आल्या. पिकअपमधून घडीची खुर्ची काढली, गोण्यांचा गठ्ठा काढला, थर्मास काढला. रायफल काढली नाही. मग रांगेमागे उभ्या राहून त्यांनी छाती भरून श्वास घेतला.

"थं-ड!"

कड्यांनी तो आवाज परत फेकला. क्लीव्हचा हात इतक्या झटकन मागे आला, की त्याची टोपीच पडली. बोल्ट खटाखट उघडले. बाईंनी रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत प्रत्येक बंदूक डोळ्यांनी तपासली, मग गोण्या रांगेजवळ ठेवल्या, खुर्ची उचलली आणि सरळ लक्ष्यांच्या दिशेने निघाल्या. फ्रिजपाशी पोचून त्यांनी खुर्ची उघडली आणि बसल्या. कोको ओतला.

पहिली काही मिनिटं लोकांना वाटलं, बाई दम खातायत. मग ग्रिफिन हाका मारायला लागला.

"ओ आजी! तुमचं झालं का?"

"नाही!"

"काय करताय तुम्ही?"

"बसलेय!"

"किती वेळ?"

"मला कसली घाई? शनिवार आहे!"

क्लीव्हने टोपी उचलली आणि डोळे मिटून म्हणाला, "गेलो आपण."

"म्हणजे?" ग्रिफिनने विचारलं.

"म्हणजे तू त्या बाईच्या बसमध्ये कधी बसला नाहीस. बर्फात बस बंद करून आख्खा स्वेटर विणलाय त्यांनी. मी दुसरीत होतो, माझ्या मापाचा होता." त्याने एक गोणी उचलली. "चला रे. वाकायचं आहे, वाका."

"पण तो फ्रिज आमचा नाही!"

"माझाही नाही!" बाई तिकडून ओरडल्या. त्यांचे कान अजून शाबूत होते. "आणि मी किती दिवस त्याच्याकडे बघतेय! इतकी ओळख झालीये, नाव ठेवायचं बाकी आहे!"

ग्रिफिनचं डोकं तापलं. "हा मूर्खपणा आहे. मी पलीकडच्या टोकाला मारतो, त्या तिथून कितीतरी लांब आहेत," असं म्हणत त्याने मेजाकडे हात नेला.

बंदुकीला बोट लागलंसुद्धा नव्हतं. पण सगळी रांग एका तोंडाने अशी गरजली, की ग्रिफिन जागच्या जागी थिजला. सगळ्यात मोठ्याने ओरडला तो त्याचाच दोस्त. "थंड आहे ना! तुला अक्कल आहे का? पुढे माणूस आहे!" ग्रिफिनचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. त्याने हात मागे घेतला आणि खिशात घातला. मग हळूच म्हणाला, "गोणी कुठे आहे?"

पुढचं बघण्यासारखं होतं. एवढे दांडगे पुरुष, दोन-तीन बाया, सगळे कंबर वाकवून नारिंगी खापऱ्या वेचतायत, आणि मध्ये खुर्चीत बसून बाई देखरेख करतायत. "क्लीव्ह, झुडपाखाली बघ. लहानपणापासून तुला झुडपाखालचं दिसत नाही." "बाई, कंबर गेली!" "खाणं कमी कर." फ्रिज उचलायला सहा जण लागले. तो ग्रिफिनच्या नव्या पिकअपमध्ये चढला, कारण बाकीचे भरले होते. रंगावर ओरखडा उठला तसा तो कळवळला. पण क्लीव्हने त्याच्या पाठीत थाप मारली, "आता झाला पिकअप. इतके दिवस दागिना होता."

दुपारी थीया ओकरलंड आली तेव्हा घळ रिकामी दिसत होती, माती आणि सेजची झुडपं, बस्स. तिने फोटो काढले. चार ठिकाणी बुटाने माती उकरून पाहिली. मग बाईंजवळ आली.

"आजचं बघितलं," ती म्हणाली. "पण बाई, मी एका शनिवारच्या भरवशावर बंदीची सही अडवू शकत नाही. तुम्ही किती शनिवार खुर्ची घेऊन बसणार?"

बाई रांगेकडे वळल्या. "ऐकलंत? मी काही जन्मभर बसणार नाही. माझे गुडघे मला माहीत आहेत."

मग क्लीव्ह म्हणाला, "दिवसाचा पहिला थंड गोण्यांचा ठेवू. जो कुणी आधी येईल त्याने पुकारायचा. गोणी भरल्याशिवाय गरम नाही. नवा आला तरी, कुणीही आला तरी."

"आणि टीव्ही आणणाऱ्याचं काय?" थीयाने विचारलं.

"तोही थंडच पाळेल," क्लीव्ह म्हणाला. "थंड न पाळणारा इथं दुसऱ्यांदा येत नाही."

थीयाने वसंतापर्यंत मुदत दिली. जास्त द्यायचा तिला अधिकारच नव्हता.

बर्फ वितळल्यावर ती आली ती न सांगता, आणि मुद्दाम बुधवारी, म्हणजे शनिवारच्या शिस्तीचा कुणाला फायदा मिळायला नको. बाई त्या दिवशी बहिणीकडे आयडाहोत होत्या, त्यांना पत्ताच नव्हता. थीया गाडीतून उतरली तेव्हा पाच-सहा अनोळखी माणसं रांगेत मेजं लावत होती, गाड्यांचे नंबर शेजारच्या परगण्याचे. तिने फोटो काढायला मोबाइल काढला, तेवढ्यात एका काटकुळ्या म्हाताऱ्याने गळा साफ करून पुकारलं, "थंड! पहिला थंड!" आणि बाकीच्यांनी बंदुका ठेवून गोण्या उचलल्या. म्हाताऱ्याने एक गोणी थीयाच्याही हातात कोंबली.

"अहो, मी जमीन खात्याची आहे," ती म्हणाली.

"असाल. वाकता येतं ना?" म्हातारा म्हणाला. "इथला नियम आहे बाई. कुणी केला ते मला माहीत नाही, पण गोणी भरेपर्यंत कुणीही बार काढायचा नाही."

थीयाने मोबाइल खिशात टाकला, टोपी घट्ट केली आणि कड्याच्या दिशेने निघाली. वेचण्याजोगं फारसं नव्हतंच. तरी ती पार टोकापर्यंत गेली, एका झुडपाखाली गुडघे टेकून बसली आणि मातीत अडकलेलं एक हिरवं टरफल नखाने उकरून बाहेर काढलं.