दर दोन मीटरला थांबणारा माणूस

भाच्याचा फोन आला तेव्हा मी वाशीमच्या बसस्टँडवर उभा होतो. "मामा, बाबा गेले," एवढंच तो म्हणाला. ताईच्या गावची, मंगरूळपीरची गाडी समोरच लागली होती, तीत जाऊन बसलो. विश्वनाथ तायडे म्हणजे माझे भाऊजी, शांताताईचे यजमान. जमिनीतलं पाणी शोधणाऱ्या सरकारी पथकात त्यांनी उभी हयात काढली. पिकलं पान होतं, तसं अचानक काही घडलं नव्हतं. खरं सांगू? गाडीत मला रडू आलं नाही, हसू आलं. एका उन्हाळ्यात आमच्या शिवारात भर उन्हात मी त्यांच्याशी घातलेला वाद मला शब्दन् शब्द आठवत होता.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा तो उन्हाळा. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. आमची बौद्धवस्ती गावाच्या कडेला, आणि गावच्या विहिरीवर आम्ही दोर टाकलेला चालत नसे. बायकांनी घागरी घेऊन खाली बसायचं, वरून कुणी ओतेल तेव्हा भरायचं. खूप खेटे घातल्यावर वस्तीसाठी बोअर मंजूर झालं, तर ते कोरडं गेलं. आणखी एकदा मशीन मिळेल, ती शेवटची, असं वरून कळलं. जागा शोधायला नवं पथक आलं आणि त्याचा साहेब निघाला आमचाच जावई! वस्ती खूश झाली, मला मात्र धडकी भरली. पाणी लागलं नसतं तर आम्ही विहिरीखालीच बसून राहिलो असतो, आणि ताईला माहेरात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

काम दिसायला सोपं होतं. चार लोखंडी सळया एका रेषेत जमिनीत ठोकायच्या, बॅटरीचा करंट सोडायचा, पेटीवरचा काटा वाचायचा आणि सगळा पसारा पुढे सरकवायचा. काटा जिथे पडेल तिथे ओल. पण पुढे किती सरकायचं आणि ते अंतर कशानं ठरवायचं, यातच सगळी मेख होती. आधीच्या पथकानं पावलं मोजत दर दहा मीटरला एक वाचन घेतलं होतं. भाऊजी त्या रेषेवरून स्वतः चालून आले. "नांगरटीत पाऊल आखूड पडते, उतारावर लांब पडते," ते म्हणाले. "माणूस थकला का त्याचं मीटरबी थकते." त्यांनी पावलं बंद केली. दर दोन मीटरला गाठ मारलेली दोरी काढली आणि तिचं एक टोक माझ्या हातात दिलं. दोरी ताठ झाल्याशिवाय काटा वाचायचा नाही, असा हुकूम झाला.

दोन-दोन मीटरनं अख्खं शिवार होणं शक्यच नव्हतं. जीप संध्याकाळी परत जाणार होती. म्हणून त्यांनी एकच पट्टा निवडला, जिथे मागच्या मोजणीत काटा जरासा दबला होता. माझं डोकं सटकलं.

"भाऊजी, सारं शिवार सोडून एकाच पट्ट्यात कायले अडकून राह्यले तुमी? इथं नाई लागलं त?"

"त सारं शिवार तुडवूनबी नाई लागणार, रामदास. कातळातली चीर असते हात-दोन हात. दहा मीटरची ढांग टाकली का ते दोन ढांगांच्या मधात राहून जाते."

दुपार कलली. काटा जागचा हलेना. ड्रायव्हर हॉर्न वाजवू लागला, मी तोंडातल्या तोंडात शिव्या घालू लागलो. आणि एका गाठीवर काटा खाली आला... पुढच्या गाठीवर आणखी खाली, त्याच्या पुढे पुन्हा वर! भाऊजींनी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. उलट्या बाजूनं तीच रेष पुन्हा मोजायला लावली. काटा त्याच गाठींवर पडला. मग त्यांनी मूठभर चुना टाकला, तिथेच फतकल मारली आणि लहान मुलासारखे खदखदून हसले.

मशीन आली, धुरळा उडाला, राखाडी भुकटी उडाली, मग चिखल आणि मग पाण्याचा असा फवारा उठला की अख्खी वस्ती भिजली. जयभीमच्या गजरात भाऊजींना खांद्यावर घेतलं, त्यात मीही होतो. त्या हापशाला लोक "जावायाचा हापसा" म्हणू लागले.

पुढच्याच उन्हाळ्यात गावची विहीर आटली. गावातल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन हापशापासून लांब उभ्या राहिल्या. वस्तीतली तरणी पोरं पेटली, "दांडाच काढून ठेवा," म्हणाली. भाऊजी तेव्हा सासुरवाडीलाच आले होते. ते उठून हापशापाशी गेले. "दांडा काहून काढता? भरू द्या त्यायले," ते म्हणाले. "पण कोणी कोणाले वरून ओतून द्याचं नाई. ज्यानं त्यानं नंबरानं उभं राहाचं अन् आपल्या हातानं हापसाचं."

त्यांच्या पुण्यानुमोदनाचा विधी उरकून मी गावी परतलो तेव्हा नळाला पाणी नव्हतं, म्हणून हापशावर रांग होती. आमच्या सूनबाईच्या मागे पाटलांची सून उभी होती. पुढची बाई बाजूला झाल्यावर सूनबाईनं कळशी लावली आणि दांडा धरला. पाटलांची सून आपला नंबर येईस्तोवर थांबली.