तिन्ही सारख्याच

एर्मेस बाक्कीनीला रस्त्यावर गाडी चालवायला आवडायचं नाही. जन्मभर ट्रॅकवर जुन्या स्पोर्ट्‌स गाड्या पिळून काढलेला माणूस, पण जवळच्या पार्मा शहरातून साधे बूट आणायला जायचं तरी हात मांडीवर ठेवून शेजारच्या सीटवर बसणार आणि स्टिअरिंग बायकोच्या हातात. त्याची बायको इल्दे म्हणायची, "ट्रॅकवर हा वाघ. फाटकाबाहेर आणला की नुसतं सामान."

आमचा क्लब दर वसंतात तीन जुन्या गाड्या एकाच दिवशी, एकाच ट्रॅकवर, एकाच माणसाच्या हाती देतो आणि कोणती गाडी वळणात कशी वागते ते त्याला विचारतो. वेग काय, घड्याळही सांगतं. वागणं सांगायला माणूस लागतो. तो माणूस एर्मेस. मी टायरवाला, लोरिस. हवा भरणं, हवा काढणं आणि गप्प बसणं हे माझं काम, पैकी तिसरं मला कधी जमलं नाही.

एर्मेसची एक रीत होती. ट्रॅकवर तो तोंडात मिठाची गुळणी धरून असायचा. गाडीतून उतरायचा, हेल्मेट भिंतीवर ठेवायचा, इल्देने आणलेला ब्रेड आणि मोर्तादेल्ला सॉसेजच्या चकत्या खायचा. कुणी कितीही खोदून विचारलं तरी ताकास तूर लागू द्यायचा नाही. मग दोघं आपल्या छोट्या गाडीतून घरी निघायची, आणि कालव्याचा पूल ओलांडला की त्याला वाचा फुटायची. संध्याकाळी इल्दे क्लबच्या अध्यक्षांना, म्हणजे वकीलसाहेबांना, फोन करून सगळं सांगायची, तेही आपल्या स्वयंपाकघरातल्या भाषेत. पाठीमागे इंजिन असलेली जर्मन गाडी म्हणजे तिची नणंद: वळणात मध्येच ॲक्सिलरेटरवरून पाय काढलात की पाठ फिरवलीच. हलकी इंग्लिश गाडी म्हणजे शेजारीण, रस्त्यावरचा खडान्‌खडा स्टिअरिंगमधून कळवणारी. आणि आपली इटालियन आधी एका अंगाला इतकी कलते की वाटतं गेली, पण एकदा रस्ता धरला की सोडत नाही. वकीलसाहेब ते शब्द तसेच्या तसे क्लबच्या मासिकात छापायचे. लोक आधी तेच पान उघडायचे.

इल्दे जानेवारीत गेली. एर्मेस रडला नाही. जेवायचा, रोज दाढी करायचा, कॅफेत पत्ते खेळायला यायचा. पूर्वी हरला की पत्ते टेबलाखाली भिरकावायचा. आता हरला तरी शांतपणे पुढचा डाव वाटायला घ्यायचा. मला भीती वाटली ती याचीच. विचारलं तर म्हणाला, "काही होत नाही रे. इंजेक्शन दिल्यावर दात असतो ना, तसं."

एप्रिलमध्ये गाड्या आल्या त्या सकाळी वकीलसाहेबांनी मला बाजूला घेतलं. या माणसाला अजून काही कळतंय की नाही ते बघायला हवं, म्हणाले. वय झालं, गाड्या लोकांच्या, एखादी उलटली तर? आमची एक जुनी युक्ती आहे. एकच गाडी दोनदा पाठवायची, आणि दुसऱ्या खेपेला मागच्या एका चाकातली थोडी हवा गुपचूप काढून ठेवायची. नव्या माणसाची परीक्षा आम्ही अशीच घेतो. ओळखलं नाही तर त्याला पुन्हा किल्ली नाही. एर्मेसला ही परीक्षा म्हणजे म्हाताऱ्या आचाऱ्याला मीठ चाखून ओळखायला लावणं. मला राग आला. तरी हवा मीच काढली, कारण मला खात्री होती.

तिन्ही गाड्या झाल्या. मग इंग्लिश गाडी पुन्हा बाहेर पडली. नदीकडच्या लांब वळणावर तिचा मागचा भाग जरासा बाहेर सरकला आणि तितक्याच अलगद जागेवर आला. मी मनात म्हटलं, कळलं याला.

तो उतरला. हेल्मेट भिंतीवर ठेवलं आणि भिंतीकडे बघत उभा राहिला. ब्रेड कुणी आणलाच नव्हता. आमच्यापैकी कुणाच्या ते डोक्यातही आलं नव्हतं. यंदा संध्याकाळी फोन करणारं कुणी नाही, तेव्हा वकीलसाहेबांनी तिथल्या तिथेच विचारलं.

"तिन्ही सारख्याच," एर्मेस म्हणाला.

"आणि इंग्लिश? दुसऱ्या खेपेला काही फरक वाटला तुम्हाला?"

"सारखीच."

वकीलसाहेबांनी त्याचा हात हातात घेतला. सगळं अगदी सभ्यपणे झालं. पुढच्या वर्षीपासून तुम्ही सल्लागार, आमच्याबरोबर सावलीत बसायचं, असं म्हणाले. एर्मेस बरं म्हणाला. ट्रॅकवरचे पातळ तळव्याचे बूट काढले, पिशवीत घातले आणि साधे बूट चढवले.

त्याला घरी सोडायला मी निघालो. तो शेजारी, हात मांडीवर. मी वकिलावर चरफडत होतो, माझ्यावर चरफडत होतो, आणि खरं सांगायचं तर त्याच्यावरही. दोन शब्द बोलला असता तर काय बिघडलं असतं? कालव्याचा पूल आला आणि मागे पडला.

"इंग्लिशच्या मागच्या उजव्या चाकातली हवा काढली होतीस," तो समोर बघत म्हणाला. "पहिल्याच वळणात कळलं."

मग तो बोलतच राहिला. जर्मन गाडी यंदा शेपूट जरा उशिरा फिरवते, कुणीतरी तिचे मागचे शॉकॲब्सॉर्बर बदललेत. आपली इटालियन डावीकडे छान कलते, उजवीकडे कलताना कुरकुरते. एकेक वळण घेऊन त्याने सांगितलं. आवाजात चढ नव्हता की उतार. बातम्या वाचून दाखवाव्यात तसं सांगत होता.

मी गाडी कडेला घेतली आणि फोन काढला. "वकिलाला लावतो. हेच सांग त्याला, एवढंच."

"नको."

"अरे, पुढच्या वर्षीच्या गाड्या गेल्या तुझ्या. कळतंय का तुला?"

"कळतंय."

"मग?"

"फोन ती करायची," तो म्हणाला.

मी फोन खिशात ठेवला. गाडी पुन्हा रस्त्याला लावली. गावाच्या पहिल्या सिग्नलला थांबलो तेव्हा गाडीला हलकासा हिसका बसला.

"थांबता थांबता शेवटी ब्रेकवरचा पाय हलका करायचा," एर्मेस म्हणाला. "ती करायची."

पुढच्या सिग्नलला मी पाय हलका केला.