निळ्या वायरवरचा चमचा

आधी वायर दोनदा ओढायची आणि मग खिडकीतून ओरडायचं, "पोरी, सेव्ह केलंस का?" अंकलची ही रोजची पद्धत.

नंदाखालला त्यांच्या केळीच्या वाडीलगत आम्ही भाड्यानं राहायचो. त्यांचा कॉम्प्युटर जुना. आमचा त्याहून जुना, वालीवच्या कारखान्यानं मोडीत काढलेला, पप्पांनी आणलेला. इंटरनेट मात्र एकच, त्यांचं. त्यांनी आपल्या कॉम्प्युटरमधून एक निळी वायर केळींवरून आमच्या खिडकीत आणली. त्यांचा चालू असेल तरच आमच्याकडे इंटरनेट. बंद करण्याआधी इशारा हवा, म्हणून आमच्या गजापाशी वायरला चमचा बांधला. ओढली की टण टण!

पण माणूस खोडकर. उगाचच वाजवायचे. मी हातातली भाकरी टाकून पळायचे, आणि समोर ते मिशीत हसत उभे. तुमच्या शेजारी असं कुणी असेल, तर माझी चिडचिड तुम्हाला कळेल.

कॉलेज प्रवेशाच्या फॉर्मचा शेवटचा दिवस. आमच्या घरातून कॉलेजला जाणारी मी पहिलीच. प्रत्येक रकाना तीनतीनदा वाचत होते. चमचा वाजला. आज नाही फसणार, मी मनात म्हटलं. आणि इंटरनेट गेलं.

धावत गेले. सूट घातलेले अंकल दाराला कुलूप लावत होते. चर्चमध्ये पुतण्याच्या लग्नाची मिस्सा होती, आणि घर बंद म्हणजे मेन स्विच बंद, हा त्यांचा नियम.

"वाजवलं होतं की!"

"रोजच वाजवता अंकल! माझा फॉर्म..."

त्यांचं हसू मावळलं. त्यांनी कुलूप उघडलं. मी घरी जाऊन फॉर्म पुन्हा पहिल्यापासून भरायला घेतला. त्यांचा कॉम्प्युटर पाच मिनिटं हात लावला नाही तर झोपी जायचा, म्हणून ते टाय सांभाळत माऊस हलवत बसले. वाटेवरच्या रिक्षातून आंटी ओरडत होत्या, "अहो, मिस्सा चुकेल!"

"लग्न त्याचं आहे, माझं झालंय!" मग खिडकीतून माझ्याकडे, "पोरी, सेव्ह केलंस का?"

मिस्सा चुकलीच. फॉर्म मात्र वेळेत गेला.

गेल्या वर्षी अंकल वारले. इंटरनेट आता माझ्या फोनवर आहे, पण वायर कुणी काढली नाही. वाऱ्यानं चमचा वाजतो. उगाचच वाजतोय हे माहीत असतं, तरी मी उठून खिडकीशी जाते.